पांढऱ्यावर पांढरं

सकाळचं ऊन तिरपं येतं तेव्हा भिंतीचा खरा पोत कळतो. गिलाव्यातले उंचवटे, थापीची वळणं, बुजवलेल्या खिळ्याची जागा. ऊन वर चढलं की तीच भिंत पुन्हा कोरी. पांढऱ्या शिल्पाचंही तसंच आहे. त्याला रंगाचा आधार नसतो. जे काही सांगायचं ते सावलीनेच.

मुंबईत जन्मलेले आणि लंडनमध्ये नावारूपाला आलेले अनिश कपूर सुरुवातीला ओळखले गेले ते कोरड्या रंगांच्या लाल-पिवळ्या भुकटीने माखलेल्या आकारांमुळे. त्याच कपूरांनी १९९२मध्ये ‘व्हेन आय ॲम प्रेग्नंट’ केलं, आणि त्यात रंगाला पूर्ण रजा दिली. समोर उभं राहिलं तर नुसती पांढरी भिंत. दोन पावलं बाजूला सरका, मग त्या भिंतीला पोट आलेलं दिसतं. फायबरग्लासचा तो फुगवटा भिंतीतूनच वर येतो. भिंत कुठे संपली आणि पोट कुठे सुरू झालं, सांगता येत नाही. गर्भारपणाचे पहिले महिने असेच जातात. आत एक जीव वाढत असतो आणि समोरच्याला पत्ता नसतो.

पांढरं म्हणजे शांत, शुद्ध, निर्विकार, हा समज आपल्यात फार खोल रुजलाय. प्राचीन ग्रीक शिल्पं मुळात रंगवलेली असत. तरीही १९३०च्या दशकात ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉन या ग्रीक मंदिराची शिल्पं अधिक पांढरी दिसावीत म्हणून खरवडली गेली. त्या पांढऱ्यात मला काहीच सापडत नाही.

चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर यांच्या पांढऱ्यात मात्र मी अडकून पडतो. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात त्यांनी भुकेने खंगलेली माणसं पाहिली, रेखाटली. पुढे सत्तरच्या दशकात, शांतिनिकेतनात, त्यांनी ‘वुंड्स’ (जखमा) ही मालिका केली. माती किंवा मेणाच्या पाटीवर सुरीने वार करायचे, तापलेल्या सळीने डागायचं. त्या पाटीवरून सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्यात कागदाचा ओला लगदा दाबायचा. शाई नाहीच. लगदा वाळून निघतो तेव्हा पांढऱ्या कागदावर चिरा असतात, काठ सुजून वर आलेले, मध्ये खळगा. ते कागदाचं कातडं आहे, आणि ते कुणा एकाचं नाही.

होरांनी तिथे लाल भरला असता तर आपण लगेच ‘रक्त’ म्हणालो असतो आणि पुढच्या चित्राकडे वळलो असतो. पांढऱ्यात जखम शोधावी लागते. ती शोधताना डोळे जवळ न्यावे लागतात, आणि एकदा दिसली की तिच्याकडे दुर्लक्ष केलं असं म्हणायची सोय उरत नाही. दुःख दाखवण्याचा याहून प्रामाणिक मार्ग मला माहीत नाही.

ही कामं मोबाइलवर पाहू नका. तिथे तो जवळजवळ कोरा कागद दिसतो. प्रत्यक्ष पाहायचा योग आला तर आधी दिवा कुठल्या बाजूला आहे ते बघा आणि चौकटीच्या कडेला जाऊन उभे राहा. जमलं तर थोडं वाकून.