मॅक्रोफेजसाठी मागणं

देवा, आज एका पेशीसाठी तुझ्याकडे मागायला आलो आहे.

हृदयाच्या धमनीचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हे माझं काम. स्लाइड तयार करताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी विरघळून जाते. मला दिसतात त्या तिने व्यापलेल्या जागा, पेशीभर पांढरे बुडबुडे. या फेसपेशी एकेकाळी साध्या मॅक्रोफेज, म्हणजे गिळणाऱ्या पेशी, होत्या. धमनीच्या अस्तराखाली कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण अडकले, बिघडले, आणि या पेशी रक्तातून तिथे धावून आल्या. इल्या मेचनिकॉव्हने 1882 साली मेसिनाला तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला, तेव्हा काट्याभोवती जमलेल्या पेशी याच कुळातल्या. परकं, सडकं, तुटकं दिसलं की गिळायचं, हा स्वभाव तूच त्यांना दिलास. त्याबद्दल तुझे उपकार मानतो. त्याच्याच जोरावर आम्ही जखमांतून उठतो.

पण दयाघना, एक गोष्ट मला समजत नाही. शरीरातल्या इतर पेशी कोलेस्टेरॉल पुरेसं झालं की एलडीएल आत घेणारे रिसेप्टर कमी करतात. ब्राऊन आणि गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांनी डॅलसमध्ये हे उलगडलं. मॅक्रोफेजमध्ये बदललेलं एलडीएल ओढून घेणारा वेगळा रिसेप्टर असतो, हेही त्यांनीच 1979 मध्ये दाखवलं. तो मात्र आवरत नाही. पेशी भरली तरी घेतच राहते. आणि घेतलेलं जिरवायची ताकद तू तिला दिली नाहीस. कोलेस्टेरॉलची कडी तिला तोडता येत नाही. त्याचं पित्ताम्ल करणं हे यकृताचं काम. तिच्या हातात एवढंच उरतं की ते थेंबाथेंबाने साठवायचं आणि कुणी न्यायला आलं की द्यायचं. डोक्यावर ओझं घेतलेल्याला ते उतरवायला दुसऱ्याचा हात लागतो, तसा तिला कोलेस्टेरॉल परत नेणाऱ्या एचडीएलचा लागतो.

तो हात मिळाला नाही तर काय होतं, हे आम्ही एका लेकराच्या घशात पाहिलं. अमेरिकेत चेसापीक उपसागरात टँजिअर नावाचं लहानसं बेट आहे. तिथल्या एका मुलाचे टॉन्सिल नारिंगी होते, कोलेस्टेरॉलने गच्च भरलेल्या मॅक्रोफेजमुळे. 1961 साली त्या आजाराची नोंद झाली आणि 1999 मध्ये कारण सापडलं: पेशीतून कोलेस्टेरॉल बाहेर सोडणाऱ्या एबीसीए-1 या प्रथिनाचा जनुक बिघडलेला होता. त्या लेकराचं ऋण आमच्यावर आहे, देवा. ते विसरू देऊ नकोस.

धमनीत हे ओझं हळूहळू विषारी होतं. कोलेस्टेरॉलचे स्फटिक बनतात, पेशी दाह पेटवते आणि मरते. मेलेल्यांना उचलायला आलेल्या पेशीही थकतात. मग धमनीतल्या या साठ्याच्या, म्हणजे प्लाकच्या, पोटात मृत गाळ साठतो, वरचं आवरण पातळ होतं, आणि ते फाटलं की काही मिनिटांत गुठळी धरते.

म्हणून मागतो, प्रभो: या पेशीचा राग आमच्या मनात येऊ देऊ नकोस. 2017 साली कॅनाकिनुमॅब या औषधाच्या चाचणीत दाहाचा एकच संदेश अडवला, तर एलडीएल तेवढंच राहूनही हृदयविकाराचे झटके कमी झाले. पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. तिचे हात बांधले तर आमचंच रक्षण ढिलं पडतं, हे औषध शोधणाऱ्यांच्या सतत ध्यानात राहू दे. नुसता एचडीएलचा आकडा वाढवूनही भागत नाही, तो वाढवणाऱ्या टॉर्सेट्रॅपिब या औषधाची चाचणी 2006 मध्ये मृत्यू वाढल्यामुळे थांबवावी लागली. पेशीतून खरोखर किती कोलेस्टेरॉल बाहेर पडलं, ते पाहण्याची चिकाटी त्यांना दे.

आणि तोवर या पेशीपर्यंत कोलेस्टेरॉल कमी पोचू दे. ज्यांनी बरं वाटतंय म्हणून कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी मनानेच बंद केली, त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे जायची बुद्धी दे. ज्या घरातला कर्ता माणूस पस्तिशी-चाळिशीत छातीत कळ येऊन गेला, त्या घरातल्या मुलांचं रक्त वेळेवर तपासलं जाऊ दे. एलडीएलचे रिसेप्टर जन्मतः अधू असणं बापाकडून लेकराकडे येतं, आणि लेकराला काही जाणवत नाही. त्यांच्या आईला कुणीतरी हे सांगावं, देवा. मला सांगायची संधी मिळाली, तर माझ्या तोंडी सोपे शब्द दे.