उलट्या पावलांची मात्रा

मागे मागे चालणे हा गुडघ्याच्या संधिवातावरचा एक व्यायाम आहे. गोंदिया जिल्ह्यात ती पावसाळ्यातली मजुरीही आहे. धानाच्या रोवणीत बायका बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, ओळीने उभ्या राहतात, कमरेतून वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, चिखलात रोवतात आणि रोवलेले तुडवले जाऊ नये म्हणून पाऊल पाऊल मागे सरकतात. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम दिवसभर चालते. तरीही या बायकांना गुडघेदुखी काही सुटत नाही. एकच हालचाल एका ठिकाणी औषध आणि दुसरीकडे कष्ट का ठरते, हे समजल्याशिवाय व्यायामाचा सल्ला अर्धवटच राहतो.

पुढे चालताना टाच आधी टेकते. त्या वेळी गुडघा जवळजवळ सरळ असतो, म्हणून धक्का थेट त्याच्यापर्यंत पोहोचतो. लगेच तो किंचित वाकतो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणले जात असतानाच शरीराचा भार सावरावा लागतो. मागे चालताना चवडा आधी टेकतो, टाच नंतर. सुरुवातीचा धक्का त्यामुळे सौम्य होतो, आणि तेच स्नायू आखडून गुडघा सरळ करत शरीर मागे ढकलतात. उलटे धावताना केलेल्या मोजमापांत गुडघ्याच्या वाटीमागचा दाबही कमी आढळला आहे. पुढे चालण्याच्याच वेगाने मागे चालले तरी दम मात्र अधिक लागतो. संधिवातात दुखते म्हणून माणूस पाय कमी वापरतो, मांडी अशक्त होते, आणि अशक्त मांडीमुळे सांध्याला आधार उरत नाही. हे चक्र तोडणे हाच या व्यायामाचा खरा उपयोग. झिजलेली कूर्चा त्याने पुन्हा उगवत नाही.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सौदी अरेबियातील एका चाचणीत गुडघ्याच्या संधिवाताचे ६८ रुग्ण होते. नेहमीच्या उपचारासोबत सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, दहा-दहा मिनिटे देखरेखीखाली मागे चालणाऱ्यांचे दुखणे पुढे चालणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाले आणि मांडीची ताकदही अधिक वाढली. निकाल आशादायक आहे. पण रुग्ण थोडे आणि अवधी लहान, त्यामुळे या व्यायामाला पूरक उपचाराचेच स्थान द्यावे. मांडीचे इतर व्यायाम आणि जास्त असेल तर वजन कमी करणे, यांना तो पर्याय नाही.

दहा मिनिटे आणि अख्खा दिवस, फरक इथेच पडतो. व्यायामात पाठ ताठ, जमीन सपाट आणि थांबणे आपल्या हाती असते. बांधीत कंबर वाकलेली, पाय चिखलात रुतलेला. तो प्रत्येक वेळी उपसून काढावा लागतो, आणि विसावा मजुरीच्या हिशेबात बसत नाही. पऱ्हे काढताना तासन्‌तास उकिडवे बसणे होते ते वेगळेच. गुडघे टेकून किंवा उकिडवे बसून करायच्या कामांचा आणि गुडघ्याच्या संधिवाताचा संबंध अभ्यासांतून पुढे आलेला आहे. म्हणून ‘शेतात राबता, तुम्हाला वेगळा व्यायाम कशाला’ हे बोलणे अन्यायाचे आहे. श्रमाने थकलेल्या सांध्याला मोजून दिलेली हालचाल लागते, आणि ती ठरवण्याआधी त्या बाईला तिचे काम विचारले पाहिजे.

रोवणीच्या दिवसांत मागे चालण्याची भर घालू नये. संध्याकाळी पाठीवर निजून, एक पाय दुमडून, दुसरा सरळ ठेवून थोडा उचलून धरणे तेव्हा पुरे. रोवणी आटोपली, की सारवलेल्या कोरड्या अंगणात भिंतीला हात लावून, सोबत कोणी असताना, दोन-तीन मिनिटांपासून सुरुवात करावी. पावले लहान ठेवावीत आणि वेळ आठवड्या-आठवड्याने वाढवावी. चक्कर येणारे, मोतीबिंदूने कमी दिसणारे, मधुमेहाने तळपाय बधिर झालेले किंवा पूर्वी पडलेले यांनी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीशिवाय हा व्यायाम करू नये. गुडघा सुजला, गरम लागला, अडकला किंवा चालताना अचानक लचकला, तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना दाखवावे.