दुसरी बादली

झाडांशी माझं तसं कधीच वैर नव्हतं. झाड दिसलं की मी त्याच्या सावलीत उभा राहतो, सीताफळ दिसलं की खातो आणि कुणी रोप लावत असेल तर लांबून कौतुकानं बघतो. सभ्य माणसानं निसर्गाशी याहून जास्त सलगी करू नये, अशा मताचा मी होतो. पस्तीस वर्षं बँकेत कॅशियर म्हणून काढलेल्या माणसाचा हिरव्या रंगाशी संबंध येऊन येऊन किती येणार? पाचाच्या नोटेपुरता.

त्यातून मी बीडचा. आमच्या जिल्ह्यात पाऊस म्हणजे लांबच्या नात्यातला पाहुणा. येतो येतो म्हणून निरोप पाठवतो, आपण अंथरूण-पांघरूण काढून ठेवतो आणि हा गृहस्थ परस्पर दुसऱ्याच गावी उतरतो. बालाघाटाच्या रांगा नकाशात हिरव्या रंगवलेल्या असतात. एप्रिलमध्ये प्रत्यक्ष बघितल्या तर करपलेल्या टोस्टसारख्या दिसतात. अशा गावात वृक्षप्रेम हा परवडणारा छंद नव्हे.

पण माणसाचा पाय घसरायचा तर कुठेही घसरतो. माझा घसरला तो पालवणला. बीडजवळच्या या पालवणच्या डोंगरावर सयाजी शिंदे या नटानं आणि आमच्याच जिल्ह्यातल्या अरविंद जगतापांसारख्या लेखकानं बऱ्याच हौशी लोकांना गोळा करून 'सह्याद्री देवराई' उभी करायला घेतली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे चक्क वृक्षसंमेलन भरलं. अध्यक्ष कोण, तर वडाचं झाड! मी बरीच साहित्यसंमेलनं पाहिलेली आहेत, त्यांचे अध्यक्ष ऐकलेले आहेत आणि काही सोसलेलेही आहेत. भाषण न करणारा, मागच्या अध्यक्षांना चिमटे न काढणारा आणि मानधनाबद्दल चकार शब्दही न उच्चारणारा अध्यक्ष मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला. मला तो इतका आवडला, की घरी येताना मी मनाशी ठरवूनच टाकलं. आपल्याही कॉलनीत झाडं लावायची!

आमच्या कॉलनीत चाळीस घरं आणि एक मोकळी जागा. कागदोपत्री ती बाग आहे. प्रत्यक्षात तिथे फुटक्या विटा, गाजर गवत आणि एका गृहस्थाच्या मुलीच्या लग्नातल्या मांडवाचे बांबू होते. मुलीला दोन मुलं झाली तरी बांबू तिथेच. मी बैठकीत विषय काढला आणि सर्वांनी एकमतानं होकार दिला. इथेच मी सावध व्हायला हवं होतं. ज्या कामाला चाळीस माणसं एका सुरात 'हो' म्हणतात, ते एकालाच करावं लागतं.

मग कोरोना आला, मग तो गेला, मग मी निवृत्त झालो आणि २०२२ च्या आषाढात एकदाचा मुहूर्त लागला. त्याआधी कोणती झाडं लावायची यावर तीन बैठका झाल्या. पिंपळ नको, भूत राहतं. चिंच नको, तीही त्यातलीच. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा सीताफळ हवंच, असं एक जण अभिमानानं म्हणाला. पण फळं कुणाची, यावर इतकी हमरीतुमरी झाली, की न लावलेल्या झाडाच्या न लागलेल्या फळांची वाटणी अर्ध्यावर सोडून बैठक तहकूब करावी लागली. शेवटी कडुलिंब, करंज, वड आणि उंबर अशी पंधरा रोपं ठरली.

"काय उपयोग?" आमचे इंजिनिअरसाहेब म्हणाले. हे निवृत्त झाल्यापासून फक्त तत्त्वावर बोलतात. "तुमच्या पंधरा झाडांनी काय अमेरिकेच्या चिमण्या बंद पडणारेत?"

मी कॅशियर माणूस. रात्री हिशेब मांडला. आपल्या देशात माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चांगलं वाढलेलं एक झाड ढोबळमानानं वीसेक किलो शोषून घेतं. पंधरा झाडांचे तीनशे किलो. म्हणजे एका माणसाच्या पापाचा जेमतेम सातवा हिस्सा! चाळीस घरांचं सोडा, एकट्या माझ्या स्कूटर-फ्रिज-गीझरचंही त्यातून भागेना. इंजिनिअरसाहेबांचं म्हणणं रुपया-आणे-पैशांत बरोबर होतं आणि तरीही ते चुकतंय असं आतून वाटत होतं. आपल्याला उत्तर सापडत नाही आणि समोरच्याचं पटत नाही, अशा अवस्थेत माणूस एकच गोष्ट करू शकतो. मी खड्डे खणायला माणूस बोलावला.

समारंभ थाटात झाला. नारळ फुटला, पेढे वाटले, प्रत्येक रोपाजवळ किमान चार जणांनी हात लावून फोटो काढला. झाडं लावण्याचा उत्साह आपल्याकडे कधीच कमी नसतो. १ जुलै २०१६ ला महाराष्ट्रात एका दिवसात दोन कोटी झाडांचा संकल्प होता. २०१९ च्या पावसाळ्यात तो तेहतीस कोटींवर गेला. तेहतीस कोटी हा आकडा आपल्या तोंडात बसलेलाच आहे. देवांचंही तसंच. संख्या पाठ असते, नैवेद्य एक-दोघांनाच पोचतो. झाड लावणं हा समारंभ आहे, झाड जगवणं हा संसार आहे आणि समारंभाला आलेली माणसं संसाराला थांबत नाहीत.

पाणी घालायच्या पाळ्यांचा तक्ता मी स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवला. पहिल्या आठवड्यात लोकांनी पाणी घातलं, दुसऱ्या आठवड्यात तक्ता वाचला आणि तिसऱ्या आठवड्यात त्यावर पेपरवाल्यानं आपला नंबर लिहिला. दोन पावसाळे कसेबसे निभावले. २०२३ चा पाऊस मात्र मराठवाड्याला तोंडी लावण्यापुरताच आला आणि २०२४ चा उन्हाळा दत्त म्हणून उभा राहिला. नळाचं पाणी दिवसांच्या हिशेबानं येऊ लागलं. घरोघरचे ड्रम, टाक्या, पातेली, अगदी बारशाचं घंगाळसुद्धा भरून ठेवलेलं. आणि मी त्यातली रोज एक बादली माझ्या फाटकासमोरच्या कडुलिंबाला घालत होतो. बाकीच्या झाडांना? कबूल करतो, दिवसाआड, तांब्या-तांब्यानं. सार्वजनिक कार्यातही आपलं फाटक कुठे आहे हे माणूस विसरत नाही.

एका सकाळी असाच बादली ओतत असताना आमच्या कामाच्या मावशी आल्या. पलीकडच्या वस्तीत राहतात. काम झालं की आमच्याकडून दोन हंडे पाणी घेऊन जातात.

"काका, झाडाला पाणी घालायलात का? घाला, घाला. लेकरावानी असतंय ते," त्या म्हणाल्या. मग रिकामे हंडे ओट्यावर ठेवत, आज ऊन फार आहे म्हणावं तशा सुरात म्हणाल्या, "आमच्याकडं चार दिवस झालं टँकर आला न्हाई."

एवढंच. त्यात तक्रार नव्हती, टोमणा तर अजिबात नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. पण माझा हात बादलीसकट मध्येच थांबला. अर्धी बादली झाडाच्या आळ्यात आणि अर्धी माझ्या हातात.

त्या रात्री झोप नाही. एक बादली म्हणजे एक हंडा, हा हिशेब करायला कॅशियर लागत नाही. झाडाला घातली तर चाळीस वर्षांनी कुणाला तरी सावली. मावशींना दिली तर आज संध्याकाळी भात. जो अजून जन्मलेला नाही त्याच्या सावलीसाठी, जो जन्मलेला आहे त्याला तहानलेलं ठेवायचं? आणि रोज आजचीच तहान मोठी म्हटली, तर झाड कोणत्या दिवशी वाढणार? आमची खजाना विहीर बघा. निजामशाहीच्या काळातली, चारशे वर्षं उलटून गेली, अजून तिचं पाणी भुयारी वाटेनं शेतांकडे जातं. ती खणणाऱ्यांनाही त्या काळी कुणी तहानलेलं भेटलंच असेल की! मी या कुशीवरून त्या कुशीवर होत होतो. झाड की माणूस? माणूस की झाड?

सकाळी गुरुजींकडे गेलो. हे आमच्या कॉलनीतले निवृत्त हेडमास्तर. त्यांना सगळं सांगितलं. गुरुजींनी चष्मा पुसला.

"आज अंघोळीला किती बादल्या घेतल्या?"

"दोन."

"पहिलीनं माणूस स्वच्छ होतो. दुसरीनं काय होतं?"

मी विचार केला. "बरं वाटतं."

"मग आधी त्या बरं वाटण्यावर खटला भरा. झाड आणि ती बाई, दोघंही तहानलेली. त्यांचं भांडण लावून देऊन तुम्ही मधे न्यायाधीश म्हणून बसलात! तुमची जागा खुर्चीत नाही, पिंजऱ्यात आहे."

पस्तीस वर्षांत माझी कॅश एकदाही कमी भरली नव्हती. त्या दिवशी भरली. रात्रभर मी एका बादलीची वाटणी करत होतो आणि दुसरी बादली हिशेबातच धरली नव्हती. स्कूटर धुण्याची तिसरी आणि अंगणातल्या सड्याची चौथी तर वहीतच नव्हती. मला वाटतं, मोठमोठ्या परिषदांतही असंच होत असावं. १९९२ ला रिओ झालं, २०१५ ला पॅरिस झालं. उद्याच्या जगासाठी आजच्या गरिबानं किती सोसायचं यावर रात्री-रात्री जागून चर्चा झाल्या. पण खोलात गेलं तर भांडण शेवटी दुसऱ्या बादलीचंच असतं. ती ज्याच्या न्हाणीघरात आहे, तोच बहुधा झाड की माणूस असा उदात्त प्रश्न विचारत असतो.

घरी येऊन मी हिला म्हटलं, "उद्यापासून अंघोळीचं, भाज्या धुतलेलं, त्या पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया जाणारं, सगळं पाणी साठवायचं. झाडांना तेच."

ही शांतपणे म्हणाली, "सासूबाईंची केळ आणि अळू मोरीच्या पाण्यावरच वाढायचे. त्यांनी सांगितलेलं दिसलं नाही, गुरुजींनी सांगितल्यावर दिसलं."

खरंच होतं. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. आई आम्हा तिघा भावंडांना एकाच घंगाळात उभं करून अंघोळ घालायची आणि ते पाणी दारच्या लिंबाला ओतायची. तिला पर्यावरण हा शब्द ठाऊक नव्हता. दुसरी बादली मात्र तिच्याकडे नव्हतीच, त्यामुळे नीतीचा प्रश्नही पडला नसावा.

आता मी एका बादलीत अंघोळ करतो. पहिले आठ दिवस साबण कानामागे राहायचा; नंतर जमलं. यंत्र जेवढं पाणी शुद्ध करतं त्याहून जास्त फेकून देतं, हेही कळलं; ते सगळं आता झाडांना. साबणाचं पाणी रोज एकाच झाडाला नको, असं गुरुजींनी बजावलं, म्हणून आळीपाळीनं. एकेका आळ्यात तळाला भोक पाडून वात लावलेलं मडकं पुरलं, वर पालापाचोळा पसरला. मावशींचे दोन हंड्यांचे चार झाले. त्यानं त्यांच्या वस्तीची तहान भागली नाही, हेही हिशेबाला धरून नमूद करतो. टँकरसाठी अर्ज लिहावे लागले, खेटे घालावे लागले, तेव्हा कुठे तो आला. हंडा दिला म्हणून अर्ज चुकत नाही.

पंधरांपैकी सात झाडं जगली. तीन पहिल्या उन्हाळ्यात गेली. एक पाइपलाइनच्या खोदकामात गेलं. एकावर गाडी मागे घेताना चाक गेलं. एक इंजिनिअरसाहेबांनी गुपचूप दोन वेळा पाणी घालून कुजवलं. तत्त्ववादी माणसाचं प्रेम असंच आंधळं असतं. वड आणि उंबर शेळ्यांनी खाल्ले. त्यातली एक शेळी मावशींची होती. मी काही बोललो नाही. त्याच म्हणाल्या, "काका, तिला काय ठावं, कुणी लावलंय ते!" माणसापेक्षा तिचं तत्त्वज्ञान स्वच्छ होतं.

माझ्या फाटकासमोरचा कडुलिंब आता माझ्या डोक्याच्या बराच वर गेलाय. यंदाच्या मे महिन्यात दुपारी काम आटोपून मावशी त्याच्याखाली पाच मिनिटं टेकायच्या. भाजीवाला हातगाडी तिथेच लावतो. परवा कॉलनीत तातडीची बैठक झाली. विषय : सदर झाडाच्या सावलीत वाहने लावण्यावरून निर्माण झालेला वाद. ज्या चाळीस घरांतून पाणी घालायला एक माणूस मिळत नव्हता, त्यांतले एकोणचाळीस हजर होते आणि सगळ्यात तावातावानं इंजिनिअरसाहेब बोलत होते. मला पाळ्यांचा तक्ता करायला सांगितलाय. सावलीच्या पाळ्यांचा.

केला. सोमवार ते रविवार, दुपारी बारा ते तीन. पहिलं नाव मावशींचं टाकलंय. दुसरं शेळीचं टाकावं की काय, या विचारात आहे.