चाळिशीनंतरची सम्यक आजीविका



मागे एका पौर्णिमेस सेलू तालुक्यातील एका गावी वंदना आटोपली, माणसे घरोघर निघाली. एक गृहस्थ मात्र भिंतीला टेकून बसून राहिले. वय बेचाळीस. वर्षापूर्वीच सहकुटुंब दीक्षा घेतलेली. शेजारी त्यांच्या पत्नी, मांडीवर धाकटी मुलगी. थोरला मुलगा दहावीत. ते म्हणाले, "भंतेजी, दीक्षा घेतली तवा देव्हारा एका दिवसात काढला. पण हलगी कशी सोडू? आज्यानं वाजवली, बापानं वाजवली. जत्रेत मी वाजवतो, लग्नात वाजवतो, मयतीला वाजवतो. सुगीला दारोदार बलुतं मागतो. त्याच्यावरच पोरगं शिकतंय. आता या वयात मला दुसरा धंदा कोण शिकवील?"

जवळच एक तरुण कार्यकर्ते उभे होते. ते तडकाफडकी म्हणाले, बौद्धाने हलगी उद्याच उकिरड्यावर फेकली पाहिजे. मला हे बोलणे रुचले नाही. उद्या हलगी फेकली आणि परवा चूल पेटली नाही, तर या कार्यकर्त्यांच्या घरून भाकरी येणार आहे काय? दुसऱ्याच्या पोटावर निश्चय करणे फार सोपे असते.

परंतु प्रश्न खरा आहे आणि तो जुना आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास ज्या लाखो माणसांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांत पोराबाळांची माणसे काय थोडी होती? तेव्हा आपला परभणी जिल्हा हैद्राबाद राज्यात होता. त्यानंतर अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, तो मुंबई राज्यात आला. गावोगावच्या महारवाड्यांत येसकरकी होती, मेलेले ढोर ओढणे होते, मयतीचा सांगावा घेऊन रात्री-अपरात्री परगावी धावणे होते. ही कामे सोडणारे सगळेच विशीतले नव्हते. पस्तिशी-चाळिशीतले बाप होते, त्यांच्या घरात खाणारी तोंडे होती. बलुते बंद झाले. कित्येक गावांनी बहिष्कार घातला. कोणी पूर्णा जंक्शनला रेल्वेच्या कामावर गेले, कोणी मुंबईची वाट धरली, पुष्कळांच्या नशिबी दुसऱ्याच्या रानातली रोजंदारीच आली. त्यांच्या बायकांनी खुरपे हाती धरले आणि घरे तगवली. या बायकांची नावे कोठे लिहिलेली नाहीत, ही आपली चूक आहे.

दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, परमपूज्य बाबासाहेबांनी याच प्रश्नाला हात घातला होता. मेलेली जनावरे ओढणे सोडल्यामुळे शिंगे, खूर, हाडे, मांस यांचे वर्षाकाठी पाचशे रुपयांचे उत्पन्न बुडते, असा हिशेब कोणी वर्तमानपत्रात मांडला होता. बाबासाहेबांनी त्याची चांगलीच हजेरी घेतली आणि माणसाला लाभापेक्षा इज्जत प्यारी असते, हे लोकांना समजावून दिले. पण लक्षात घ्या, नुकसान होतच नाही असे ते म्हणाले नाहीत.

मी त्या गृहस्थांना विचारले, "ही हलगी तुम्ही मुलाच्या हाती देणार काय?"

ते एकदम म्हणाले, "छे छे! त्याच्या हाती येऊ नये म्हणून तर मी वाजवतो."

तेव्हा त्यांच्या पत्नी हळूच बोलल्या. जत्रेच्या दिवशी मुलगा शाळेत जात नाही. मिरवणूक शाळेवरून जाते. पुढे बाप असतो. वर्गातली पोरे खिडकीत येतात.

गृहस्थांना हे ठाऊक नव्हते. ते बराच वेळ गप्प राहिले.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी आईबापांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पापापासून निवारणे, चांगल्या कामाला लावणे, शिल्प म्हणजे हातचा हुन्नर शिकविणे, योग्य ठिकाणी विवाह करून देणे आणि वेळ आली म्हणजे वारसा सोपविणे. आपण समजतो, वारसा म्हणजे घर, जमीन, भांडीकुंडी. ज्याच्याजवळ यातले काही नाही, त्याचा वारसा त्याचा धंदाच असतो. बाप कसा जगला हे मुलाच्या डोळ्यांत जाऊन बसते. ते सोपवायला कागद लागत नाही.

आता हलगीविषयी स्पष्ट बोलतो. वाद्य वाजविणे हे गृहस्थाला पाप नव्हे. नृत्य-गीत-वाद्यापासून दूर राहण्याचे शील उपोसथाच्या अष्टशीलात आहे, रोजच्या पंचशीलात नाही. भगवंतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. त्यांत हलगी नाही. वाईट आहे ती सक्ती. जातीने जन्मला म्हणून देवापुढे वाजवलेच पाहिजे, बोकड कापताना उभे राहिलेच पाहिजे आणि मग सुगीत हात पसरलाच पाहिजे, ही सक्ती. ठरलेली मजुरी घेऊन कोणाच्या लग्नात वाजवणारा आणि बलुत्यासाठी वाजवणारा, यांच्या हातात हलगी एकच असते, पण माणूस एक नसतो.

म्हणून मी सांगितले, आधी देवाची मिरवणूक आणि बलुते सोडा. लग्नाची सुपारी रोख पैशाने घ्या. तेवढ्या अवधीत दुसरा धंदा शिका.

पण कोणता? दीघजाणू नावाचा कोलिय गृहस्थ भगवंतांकडे आला होता. आम्ही पोराबाळांच्या गर्दीत राहणारी संसारी माणसे, आम्हाला झेपेल असे काही सांगा, असे तो म्हणाला. भगवंतांनी त्याला वनात जायला सांगितले नाही. शेती असो, व्यापार असो, गोपालन असो, राजाची नोकरी असो की हातचा हुन्नर असो, त्यात दक्ष हो, मिळविलेले राख, चांगल्यांची संगत धर, आणि तराजू धरणाऱ्यासारखा जमाखर्च पाहून राहा. या चार गोष्टी सांगितल्या.

कोणी तरी या कुटुंबाला शेळ्यांची योजना सुचविली होती. शेळ्या दुधासाठी पाळल्या तर गोष्ट वेगळी, पण बहुतेक बोकड खाटकाकडेच जातात. परभणीला कृषी विद्यापीठ १९७२ सालापासून आहे, तेथून रेशीम शेतीची माहिती मिळते. त्यातही कोशातला किडा उकळत्या पाण्यात जातो. मी कोणाला मना करीत नाही, भुकेल्या माणसापुढे मी नियमांची यादी वाचणार नाही. पण निवड करायला वाव असेल तर विचार करून करावी.

या गृहस्थांना मोटारपंप खोलण्याचा नाद आहे. दुधनेच्या काठी आणि कालव्यावर मोटारी पुष्कळ, जळतातही पुष्कळ. सेलूत मोटारी भरण्याचे एक दुकान आहे, सहा महिने हाताखाली राहावे लागेल. अडचण एकच: मिस्त्री पंचवीस वर्षांचा पोर. "त्याला मिस्त्री म्हणू मी?" असे ते म्हणाले.

उपालीची गोष्ट आठवा. शाक्य राजपुत्र प्रव्रज्येला निघाले, तेव्हा त्यांचा न्हावी उपाली बरोबर होता. त्यांनीच भगवंतांना विनविले, आमच्या आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा अभिमान उतरेल. राजपुत्र न्हाव्यापुढे वाकले. आपल्याला मिस्त्रीपुढे वाकायला काय हरकत आहे?

आणि सुभेदार रामजी. लष्करी शाळेचे मुख्याध्यापक, चौदा मुलांचे बाप. पेन्शन घेतल्यावर घरी बसले नाहीत. सातारा जिल्ह्यात गोरेगावला दुष्काळी कामावर तळे खोदले जात होते, तेथे खजिनदाराची नोकरी धरली. पुढे भीमाच्या शिक्षणासाठी मुंबईस परळच्या चाळीत एका खोलीत राहिले. पुस्तकाला पैसे नसले की लग्न झालेल्या लेकींकडे जात, त्यांचा दागिना गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून देत. सुभेदाराला लेकीच्या दारात उभे राहताना काय वाटले असेल? तरी ते उभे राहिले.

पैशाचा हिशेब त्या बाईंनीच मांडला. सिगालाला भगवंतांनी मिळकतीचे चार भाग सांगितले: एक खाण्या-वापरण्याला, दोन धंद्यात, एक अडीअडचणीला. आमच्या घरात चार भाग कुठले, असे त्या हसून म्हणाल्या. पण सहा महिने त्या स्वतः कापूस वेचायला जातील, सुपारीचे पैसे मुलाच्या शाळेसाठी वेगळे ठेवतील, उसने घेणार नाहीत. मुलाने वही घातली. आपला बाप काय कमावतो, हे त्याने पहिल्यांदाच लिहिले.

गृहस्थ सोमवारपासून दुकानात जाऊ लागले. गावच्या पुढाऱ्यांना निरोप गेला, की यंदा जत्रेत ते नसतील. त्यावरून काही बोलणी झाली आहेत, आणखी होतील. तेथील उपासकांनी संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसावे असे मी सांगून आलो आहे. हलगी खुंटीला आहे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ती वाजवायची की नाही, हे मुलाला विचारून ठरवणार आहेत. वर्षावास संपल्यावर मी त्या गावी जाईन, तेव्हा वही दाखवायला सांगितली आहे.