वेशीपासून मोजलेलं अंतर

अकोल्याच्या जुन्या शहरात असदगडाच्या वेशींना दहीहंडा आणि आगर या गावांची नावं आहेत. वेस शहराची, नाव मात्र वाट जिथे पोचते त्या गावाचं. तेव्हा अंतर वेशीतून निघे आणि कोसांत मोजलं जाई. हा कोस सगळीकडे सारखा नव्हता. इथली काळी माती पावसाळ्यात गाडीच्या चाकाला धरून बसते. उन्हाळ्यात दिवसात उरकणारी मजल श्रावणात मुक्काम करायला लावी. मला ती मोजणी अडाणी वाटत नाही. चालणाऱ्याचे श्रम तिच्यात धरलेले होते.

हे श्रम वजा करून अंतर काढायची रीत सर्वेक्षणाबरोबर आली. टेकडीवरून टेकडीकडे दुर्बीण रोखत त्रिकोणांची साखळी दक्षिणेतून वर आणणारा विल्यम लॅम्बटन 1823 मध्ये हिंगणघाटला वारला. त्याच्या गणितात चिखल नव्हता, घाट नव्हता. दोन बिंदू आणि मधली सरळ रेषा. त्या रेषेने अकोला-मुंबई सुमारे 470 किलोमीटर भरतं.

रेल्वेला ती रेषा झेपणारी नव्हती. कसाऱ्याचा घाट, मनमाड, भुसावळ असं करत ती 1867 पर्यंत अकोल्यावरून नागपूरला गेली, आणि मुंबईचं अंतर 580 किलोमीटरच्या घरात पोचलं. पण हा आकडा कोण सांगतं? रात्री गाडीत बसलं की सकाळी दादर, एवढंच. मुंबई एका रात्रीवर आली. अंतर वेळेत सांगायचं तर घड्याळं जुळायला हवीत, आणि ती जुळत नव्हती. अकोल्यात सूर्य मुंबईच्या सोळा-सतरा मिनिटं आधी माथ्यावर येतो. त्यात रेल्वे मद्रासची वेळ पाळायची, मुंबई स्वतःची. 1906 मध्ये देशाची प्रमाणवेळ ठरली. आजही अकोल्याची खरी माध्यान्ह सरासरीने बारा बावीसला होते. गाडीची वेळ पाळता पाळता गावाची दुपार घड्याळातून गेली, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

आता विमान. 16 एप्रिल 2025 ला शेजारच्या अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली. वेळ पावणेदोन तास. एटीआर विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास उडतं आणि सरळ रेषा साडेपाचशेची, म्हणजे हवेतला प्रवास तासाहून थोडा जास्त. बाकीचा वेळ धावपट्टीपर्यंत जाण्यात, चढण्या-उतरण्यात आणि मुंबईच्या आभाळात पाळी येण्यात जातो. वेळापत्रक हे सगळं धरतं, तेवढं ते प्रामाणिक आहे.

पण ते जुन्या शहरातून निघत नाही. मुंबई पश्चिमेला, आणि विमानासाठी आधी नव्वदेक किलोमीटर पूर्वेला जायचं. परळच्या टाटा रुग्णालयात तपासणीला निघालेला माणूस घ्या. बेलोऱ्यापर्यंत दोन तास, तिथे तासाभराचं थांबणं, पावणेदोन तास उड्डाण, मग विमानतळ ते परळ. सहा तास सहज. रेल्वेचे नऊ तास निदान झोपेत जातात. जाहिरातीतला पावणेदोनचा आकडा या माणसाचा नाही.

शहराला लागूनच शिवणीची धावपट्टी आहे, 1943 सालची. ती वाढवायला कृषी विद्यापीठाची जमीन लागते आणि त्यावरून प्रश्न वर्षानुवर्षं अडला होता. संशोधनाची शेतं सहज देऊन टाकावीत असं मी म्हणणार नाही. वऱ्हाडच्या शेतीचा त्यांच्यावर हक्क आहे. पण निर्णय करताना त्या शेतांसमोर उड्डाणाची मिनिटं ठेवू नका. बेलोऱ्यापर्यंतचे ते उलट दिशेचे दोन तास ठेवा.