बुरुजाचा खर्च

शास्त्रपाठ : लूक १४, वचनें २८ ते ३०



बुरूज बांधूं पाहणाऱ्या मनुष्याविषयीं आपल्या प्रभूनें जो दाखला दिला, तो समजण्यास पंडिताची बुद्धि लागत नाहीं. प्रथम बसून खर्चाचा अंदाज करावा, आपल्याजवळ पुरतें आहे कीं नाहीं तें पाहावें; नाहींतर पाया घालून काम टाकणाऱ्यास येणारेजाणारे हसतात, इतकाच त्याचा भाव. खेड्यांतील प्रत्येकास हें ठाऊक आहे. दहा हात खणून खडक लागतांच सोडून दिलेली विहीर कोणत्या शिवारांत नाहीं? तिच्यांत पाणी नसतें, आणि गुरें पडण्याचें भय मात्र कायम असतें.

मुलांचें शिक्षणहि आपल्या मंडळ्यांत पुष्कळदां ह्या विहिरीसारखेंच राहतें. भाईंदर व मिरा रोड येथें नगर, जालना ह्यांसारख्या जिल्ह्यांतून पोटासाठीं आलेलीं कुटुंबें आम्ही पाहतों. गांवीं राहिलेल्या भावंडांप्रमाणें ह्यांच्या घरींहि, मुलाची दहावी झाली कीं प्रश्न उठतो, “आतां पुढें शिकून काय मिळणार?” हा प्रश्न कांहीं लबाडीचा नव्हे. खाणारीं तोंडें सात आणि मिळविणारा एक असला म्हणजे तो उठावयाचाच. पण काय मिळेल हें विचारणारे पुष्कळ. काय द्यावें लागेल हें विचारणारा क्वचित्. प्रभूचा प्रश्न तर हा दुसराच आहे. हा हिशेब ज्यानें आयुष्यभर केला अशा एका गुरूची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

भाईंदरहून आगगाडीनें चर्नी रोडास उतरलें म्हणजे चौपाटीसमोर विल्सन कॉलेजाची दगडी इमारत लागते. नांव सर्वांस परिचित. पण ज्याच्यावरून तें पडलें तो मनुष्य कोण, हें तेथें शिकणाऱ्या मुलांसहि बहुधा सांगतां येत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंत कॉलेजांचे अध्यक्ष बहुतकरून धर्मोपदेशकच असत. मार्क हॉपकिन्स हे १८३६ पासून १८७२ पर्यंत विल्यम्स कॉलेजाचे अध्यक्ष होते, आणि १८५७ पासून अमेरिकन बोर्डाच्या मिशनाचेंहि अध्यक्षपद त्यांजकडे होतें. ह्याच कॉलेजांत शिकलेले गॉर्डन हॉल १८१३ मध्यें मुंबईस आले, व अमेरिकन मराठी मिशनाचा आरंभ झाला. आपल्या मुंबई इलाख्यांतहि विद्यापीठाचें धुरीणत्व एकदां एका पाळकाकडे आलें. ते रेव्ह. डॉ. जॉन विल्सन.

ह्यांचा जन्म १८०४ मध्यें स्कॉटलंडांतील लॉडर ह्या लहानशा गांवीं झाला. एडिंबरो येथें विद्याभ्यास करून, मार्गारेट बेन ह्या विदुषीशीं विवाह करून, १८२९ च्या फेब्रुवारींत ते मुंबईस उतरले. आल्याबरोबर त्यांनीं कॉलेज काढलें नाहीं. पतिपत्नी कोंकणांत बाणकोट व हर्णै येथें गेलीं, आणि तेथें मराठी शिकत बसलीं. एवढा शिकलेला मनुष्य कोंकणच्या बंदरांत मुळाक्षरें घोटीत बसतो, हें चित्र आमच्या उपदेशकांनीं मनांत धरावें. ज्यांस बोध करावयाचा त्यांची भाषा आधीं शिकावी, मग तोंड उघडावें, हा त्यांचा पहिला खर्च. पुढें हेच गृहस्थ विद्यापीठांत संस्कृत, फारसी, हिब्रू, मराठी, गुजराथी व हिंदुस्थानी ह्या भाषांचे परीक्षक झाले. त्याची सुरुवात ही अशी. आमच्यांतील कांहीं शिकलेल्यांस आपल्या आईची बोली चारचौघांत बोलण्याची लाज वाटते. तो प्रकार पाहिला म्हणजे आम्हांस बाणकोटची आठवण येते.

दुसरा खर्च घरांतला. मार्गारेटबाईंनीं मुंबईंत मुलींच्या शाळा काढल्या. त्या काळीं मुलीनें लिहावें ही कल्पनाच लोकांस अशुभ वाटे. बाई स्वतः मराठी शिकून त्यांत राबल्या, आणि १८३५ च्या एप्रिलांत वारल्या; हिंदुस्थानांत येऊन त्यांस पुरतीं सात वर्षेंहि झालीं नव्हतीं. लेंकरांचा बाप एकटा उरला. मार्गारेटबाईंच्या दोघी बहिणी मागाहून समुद्र ओलांडून आल्या व त्या शाळा त्यांनीं हातीं घेतल्या. गांवदेवीची सेंट कोलंबा शाळा हें त्याच वेलीचें फळ होय.

आतां मुख्य गोष्ट. १८३२ मध्यें विल्सनसाहेबांनीं मुलांची जी शाळा सुरू केली, तीच वाढून पुढें कॉलेज झालें. हिंदु, पारशी, मुसलमान अशा सर्व समाजांचीं मुलें तींत येत. शाळा भरभराटीस आली असतां १८३९ च्या मे महिन्यांत धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी ह्या दोन पारशी विद्यार्थ्यांनीं बाप्तिस्मा घेतला. शहरांत एकच गलबला झाला. धनजीभाईंस कोर्टापुढें उभें करण्यांत आलें, आणि आपला मार्ग आपण निवडण्याची मोकळीक कोर्टानें त्यांस दिली. पण आईबापांनीं आपापलीं मुलें शाळेंतून काढून घेतलीं. बहुतेक वर्ग ओस पडले. सरकाराकडे मोठा तक्रारअर्ज गेला. त्या दोघांस हळूच दुसऱ्या गांवीं धाडून द्यावें, एक-दोन वर्षें थांबण्यास सांगावें, म्हणजे शाळा वांचेल, असा व्यवहारी सल्ला आमच्यासारख्यांनीं सहज दिला असता. विल्सनसाहेबांनीं त्या मुलांस आपल्या घरांत ठेवून घेतलें. बांकें रिकामीं राहिलीं तर राहोत, पण ज्या बोधासाठीं शाळा काढली त्या बोधानें आलेलें मूल दाराबाहेर करावयाचें नाहीं, हा त्यांचा हिशेब होता.

येथें एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढें जाववत नाहीं. ज्या आईबापांनीं मुलें काढून नेलीं, त्यांस हसूं नये. आपलें मूल आपल्या चुलीपासून दुरावतें आहे, हें दुःख कोणत्याहि धर्माच्या बापास सारखेंच. १८४३ मध्यें नारायण शेषाद्रि ह्या ब्राह्मण तरुणानें बाप्तिस्मा घेतला. विल्सनसाहेब तेव्हां स्वदेशीं गेले होते. निस्बेट व मरे मिचेल हे येथें काम पाहत. नारायणरावांचा धाकटा भाऊ श्रीपति हाहि मिशनऱ्यांकडे राहिला होता; तो अल्पवयी म्हणून कोर्टानें त्यास बापाच्या हवालीं केलें. पुढें त्या पोरास प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनीं खटपट केली, तर त्यांच्याच लोकांनीं त्यांस त्रास दिला. एक भाऊ इकडे, एक तिकडे, आणि मध्यें बाप. ज्या घरांतून अशी फूट गेली आहे तेथें आमच्या उपदेशकांनीं विजयी मुद्रेनें जाऊं नये, असें आमचें मत आहे.

त्याच १८४३ सालीं स्कॉटलंडांत मंडळी दुभंगली. सरकारच्या आश्रयाखालील मंडळी सोडून जे बाहेर पडले, त्यांत हे सर्व मुंबईचे मिशनरी होते. परिणाम असा कीं, इतक्या वर्षांच्या श्रमानें जमविलेली इमारत व सामान जुन्या मंडळीकडे राहिलें. गुरु व शिष्य उरले, आणि छप्पर गेलें! पुन्हा आरंभापासून आरंभ. अशा वेळीं मनुष्याची परीक्षा होते. आम्ही तर प्रार्थनामंदिराचीं चार पत्रें वाऱ्यानें उडालीं कीं वर्षभर रडतों.

विल्सनसाहेबांचें सर्वच आम्ही अनुकरणीय मानीत नाहीं. मोरभट्ट दांडेकरांशीं त्यांचा जाहीर वाद झाला, त्याचें पुस्तक १८३२ मध्यें निघालें. त्या लेखनाची धार आज वाचतांना बोचते, आणि बाजारांत उभें राहून तशी भाषा कोणीं वापरावी असें आम्ही म्हणणार नाहीं. पण ज्यांचें खंडन करावयाचें त्यांचे ग्रंथ त्यांनीं मुळांतून वाचले होते, हें वाद घालण्यास उत्सुक असणाऱ्या तरुणांनीं ध्यानांत धरावें. ह्या देशाच्या प्राचीन विद्येविषयीं त्यांस मनापासून आदर होता. १८३५ मध्यें गिरनारास जाऊन तेथील शिलालेखाची नक्कल त्यांनीं करविली. ती कलकत्त्यास प्रिन्सेप ह्यांच्या हातीं गेली, आणि अशोकाचे लेख उलगडण्याच्या कामीं उपयोगी पडली.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्यें स्थापन झालें. त्याच्या आरंभींच्या सभासदांत विल्सनसाहेब होते, आणि १८६८ मध्यें ते व्हाइस चॅन्सेलर झाले. चॅन्सेलरपद गव्हर्नराकडे असे; खरा कारभार व्हाइस चॅन्सेलर पाही. ज्याची शाळा एकदां लोकांनीं ओस पाडली, त्याच्याच हातीं इलाख्याच्या सर्व विद्येची देखरेख आली. १८७० मध्यें स्कॉटलंडच्या फ्री चर्चनें त्यांस आपल्या महासभेचे अध्यक्ष केलें. तेथेंच मानानें उरलेले दिवस घालवितां आले असते. पण ते मुंबईस परत आले, आणि १८७५ च्या १ डिसेंबरास येथेंच वारले. चौपाटीवरची इमारत १८८९ ची. ती त्यांनीं पाहिलीच नाहीं.

आतां आईबापहो, तुमच्या घरचा हिशेब. मुलगा पुढें शिकला तर दोन वर्षें त्याची मजुरी बुडेल. मुलगी शिकली तर पाणी भरण्यास दुसरा हात शोधावा लागेल. शिकलेलें मूल कदाचित् तुमच्या ताब्यांत राहणार नाहीं. तें तुम्हांस उलट प्रश्न विचारील, परगांवीं जाईल. हा सर्व खर्च खरा आहे, आणि तो लपवून “शिकवा, लगेच नोकरी लागेल” असें सांगत फिरणारा उपदेशक तुमची फसवणूक करितो. रात्रीं दिवा लावून नवराबायकोनें बसावें, खर्चाची बेरीज करावी, प्रार्थना करावी आणि मग ठरवावें. मंडळीच्या पंचांनींहि आपल्या दशमांशांतून अशा एका तरी मुलीच्या वह्यांचा व प्रवासाचा भार उचलतां येतो कीं काय, हें पुढच्या सभेंत विचारांत घ्यावें.

१८३९ च्या गलबल्यांतले धनजीभाई १८४६ मध्यें दीक्षित पाळक झाले, आणि १९०८ पर्यंत जगले. नारायण शेषाद्रि हे १८५४ मध्यें पाळक झाले. मुंबईंत मान होता, इंग्रजी उत्तम होती, ब्राह्मणकुळाची विद्या होती. तें सर्व घेऊन ते जालन्याकडे गेले आणि मांग लोकांत बसून काम करूं लागले. जालन्याजवळ त्यांनीं बेथेल नांवाचें गांव वसविलें. ज्यांस गांवकुसाबाहेर राहावें लागे, त्यांस तेथें स्वतःचीं घरें व स्वतःची मंडळी मिळाली.