वाघाच्या मावशीचा फोटो

मांजर म्हणजे वाघाची मावशी. बहुतेक मराठी घरांत हे नाते लहान मुलांना सांगण्यापुरते उरले आहे. उत्तर कन्नडमधल्या जोयडा तालुक्यात मात्र भाचा खरोखरच शेजारी राहतो. दांडेली अभयारण्य १९५६चे, अणशी राष्ट्रीय उद्यान १९८७चे. २००७मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५मध्ये त्याला काळी नदीचे नाव मिळाले. घाटाच्या गोव्याकडच्या उतारावर वाघ्रो म्हणून भाच्याची पूजाही होते; मावशीला तो मान कधी मिळाला नाही, तिच्या वाट्याला दुधाची वाटी आणि आडवे गेल्याबद्दलच्या शिव्या. या तालुक्यात एकाच कुळातल्या या दोघांचे फोटो दोन अगदी उलट रीतींनी निघतात. जंगलात कॅमेरा झाडाला बांधून माणूस निघून जातो आणि वाघ आपल्या पायांनी येऊन आपला फोटो काढून घेतो. घरात चवथीला, दिवाळीला किंवा मेच्या सुट्टीत गोव्याहून, बेळगावहून, हुबळीहून आलेली मंडळी फोन उगारून मांजराच्या मागे धावतात आणि त्यांच्या हाती बहुधा शेपटी लागते. माझे म्हणणे असे, की घरातल्या मांजराचा फोटो काढण्याची विद्या जंगलातल्या त्या कॅमेऱ्याकडून शिकावी. तशी ती शिकली तर मांजराबरोबर आणखीही एक चित्र हाती येते, घराचे.

जंगलातली रीत भारतात जुनी आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात वाटेवर तार ताणून, तिला कॅमेरा आणि दिवा जोडून रात्रीच्या वाघांचे फोटो मिळवले. त्याचे पुस्तक १९२७चे. १९९०च्या दशकात कर्नाटकातल्याच नागरहोळेत उल्लास कारंत यांनी या युक्तीला मोजणीची शिस्त दिली. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि एकाच वाघाच्या डाव्या-उजव्या कुशीवरचे पट्टेही सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे. या कामात बटण दाबण्याचा क्षण जवळपास नसतोच. सगळे डोके आधी चालवायचे: वाघ कोणत्या वाटेने जातो, वळणावर कुठे मंदावतो, माग आणि विष्ठा कुठे सापडते, कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर कोणत्या झाडाला बांधायचा. पुढे काय होईल ते वाघाच्या मर्जीवर. २०१८-१९च्या देशभरच्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले. त्यांनी ३ कोटी ४८ लाखांवर फोटो काढले आणि त्यांत वाघाचे निघाले ७६,६५१. म्हणजे सुमारे साडेचारशे फोटोंमागे एक. सुट्टीच्या दिवशी दहा फोटो बिघडले म्हणून जो मांजरावर रुसतो, त्याने हा हिशेब एकदा डोळ्यांखालून घालावा.

आता घरात येऊ. मांजराचे वर्षभरातले सर्वांत जास्त फोटो सुट्टीत निघतात आणि सर्वांत वाईटही त्याच दिवसांत, याला कारण आहे. सुट्टी माणसाला असते. मांजराच्या दृष्टीने त्या दिवसांत घराचे वेळापत्रक मोडलेले असते: ओळखीच्या कोपऱ्यात कुणाची तरी बॅग, माजघरात परकी पोरे, अंगणात फटाके. माणसाला जेमतेम २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येते. मांजराचे कान त्याच्या तिपटीहून वर पोचतात. अशा गलक्यात ते माळ्यावर जाऊन बसले तर त्यात त्याचा काही दोष नाही. तिथून त्याला उतरवायचे, काखेत धरायचे आणि दुसऱ्याने समोरून फोन रोखायचा, ही सर्रास चालणारी पद्धत. मांजर विश्वासाने बघते तेव्हा डोळे किलकिले करते. माणसाने सावकाश डोळे मिचकावले तर मांजरेही तसाच प्रतिसाद देतात, हे इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०२०मध्ये प्रयोगाने दाखवले. भिंगाला पापणी नसते. चेहऱ्यासमोर धरलेला फोन न लवणारा डोळाच होतो आणि मांजर तोंड फिरवते. उंचीचीही गोष्ट आहे. उभ्याने काढलेल्या फोटोत मांजराची पाठ, दोन कान आणि भरपूर जमीन येते. जमिनीपासून वीतभर उंचीवर फोन नेला की तोंड येते आणि तोंडामागचे घरही येते.

यावर कुणी म्हणेल, की थोडे धरले, एखादे वेळी टोपी घातली, तर बिघडले कुठे? गंमत तर आहे. गंमत आहे हे मान्य. फक्त ती कुणाची हे विचारावे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हॅरी व्हिटियर फ्रीस नावाचा छायाचित्रकार मांजरांच्या पिलांना झगे घालून, टेबलाशी बसवून फोटो काढी आणि त्यांची पोस्टकार्डे धडाक्याने खपत. पण हे काम तो वर्षातून तीनेक महिनेच करी, कारण त्याचा ताण त्याला स्वतःला झेपत नसे. धंदा म्हणून करणाऱ्याची ही गत. मग चवथीच्या गर्दीत हौसेने करणाऱ्यांचे आणि त्यांच्या हाती सापडलेल्या जनावराचे काय होत असेल ते सांगायला नको. माझा आक्षेप केवळ दयेचा नाही. टोपी घातलेले मांजर जोयड्यात, पुण्यात आणि न्यू जर्सीत एकसारखेच दिसते. त्या फोटोतून ठिकाण पुसून जाते, आणि मांजर हा तर पाळीव प्राण्यांत सर्वांत ठिकाणाला चिकटलेला प्राणी.

इथे मूळ मुद्द्याशी येऊन पोचतो. मांजर माणसाच्या घरात शिरले ते धान्यामागून: साठवलेले धान्य, त्यावर उंदीर, उंदरांवर मांजर. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सांगाडा सापडला आहे, तो सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा. तेव्हापासून घरातली कामाची आणि सुखाची जागा हेरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. मातीच्या, कौलारू घरात ते कुठे सापडते पाहा. पावसाळ्यात चुलीच्या वैलाशी, जिथे जाळ नसतो पण ऊब असते. सुगीनंतर भाताच्या कणगीवर. सकाळी काचेच्या कौलातून सारवलेल्या जमिनीवर उन्हाचा चौकोन पडतो त्यात, आणि चौकोन सरकला की त्याच्याबरोबर सरकत. उन्हाळ्याच्या दुपारी पाण्याच्या मडक्यांजवळच्या ओलाव्यात. दाराच्या उंबऱ्यावर, आत की बाहेर हे न ठरवता. या जागांची यादी केली तर ती त्या घराची बखरच होते. आणि मुद्दाम म्हणून या जागांचे फोटो कुणी काढत नाही. चुलीचा, कणगीचा, उंबऱ्याचा फोटो काढायला कुणी वाकत नाही. त्यावर मांजर बसलेले असले तरच वाकते.

जोयड्यात याला वेगळे वजन आहे. या तालुक्याचे जुने नाव सुपा. काळी नदीवरच्या धरणात सुपा गाव बुडाले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, माणसे रामनगरसारख्या वसाहतींत गेली. अलीकडे व्याघ्र प्रकल्पाच्या आतल्या वाड्यांमधली काही कुटुंबेही मोबदला घेऊन बाहेर पडली आहेत. घर सोडणे इथे नवलाचे नाही. आणि जी घरे जागच्या जागी आहेत तीही बदलत आहेत. चुलीच्या जागी गॅस, शेणाच्या सारवणावर फरशी, कौलांवर पत्रा. हे बदल होऊ नयेत असे म्हणणारा मी कोण. धुराने डोळे चुरचुरतात ते चुलीपुढे बसणारीचे, फोटो पाहणाऱ्याचे नव्हे. पण बदलण्याआधीची नोंद राहायची तर ती अशीच, आडवाटेने राहील. मांजराचे फोटो जगात अतोनात झाले, त्यांत आणखी भर कशाला, या आक्षेपाचे उत्तर मला इथे सापडते. मांजरे झाली असतील खूप. या वैलाशी, या उंबऱ्यावर बसलेले मांजर मात्र फारच कमी वेळा नोंदले गेले आहे. जंगलातल्या कॅमेऱ्याचाही एकटा फोटो फारसा बोलत नाही. त्याच जागेचा फोटो वर्षामागून वर्षे आला की तो बोलू लागतो. दर चवथीला त्याच खिडकीखाली, त्याच उंचीवरून काढलेल्या पाच-सात फोटोंत मांजर बदललेले असेल, भिंतीचा रंग बदललेला असेल, कोपऱ्यातली सुपे आणि टोपल्या कमी झालेल्या असतील.

मात्र जंगलातल्या कॅमेऱ्याला मी साधुसंत ठरवत नाही. तो दिसत नाही, ऐकू येत नाही, हा एक गैरसमज आहे. प्राण्यांना अशा कॅमेऱ्यांचे आवाज ऐकू येतात आणि त्यांचा प्रकाश दिसतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१४मध्येच दाखवून दिले. पट्टे नीट उमटावेत म्हणून पुष्कळदा पांढरा फ्लॅशही वापरला जातो. तो घरात आणण्याचे कारण नाही: मांजराच्या नेत्रपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे फ्लॅशने काढलेल्या फोटोत डोळ्यांच्या जागी दोन हिरवट दिवेच येतात. त्याहून गंभीर आक्षेप माणसांबद्दल आहे. वाघासाठी लावलेल्या कॅमेऱ्यात सरपणाला, रानभाजीला गेलेल्या बायकाही टिपल्या जातात. कॉर्बेटच्या परिसरातल्या बायकांना या यंत्रांमुळे रानात मोकळेपणाने वावरता, गाता येईनासे झाले, असे २०२४मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो. हाच धोका घरात छोट्या रूपात येतो. मांजराच्या मागे चुलीपुढे बसलेली आजी असते, दोरीवर वाळत घातलेली लुगडी असतात, देव्हारा असतो, अंगणात उघडे पोर असते. मांजर गोड आहे म्हणून फोटो गावभर फिरतो आणि त्याच्यासोबत घरही फिरते. घराचे चित्र मिळते यालाच मी मोल म्हणतो; त्याचीच ही दुसरी बाजू आहे आणि ती टाळता येत नाही. मांजराची परवानगी मागता येत नाही, आजीची येते. आणि नको म्हटले तर फोटो घरातच राहू शकतो.

आजीला विचारण्याला आणखीही एक कारण आहे. यंत्र काय जाणे माया, असे कुणी म्हणेल: वाघाला नुसता क्रमांक असतो, आमच्या मनीला नाव आहे, तिच्याशी असे तटस्थपणे कसे वागायचे? पण जंगलातला कॅमेरा वाटतो तितका कोरडा नसतो. तो कुठे बांधायचा हे रान पायाखाली घातलेल्या माणसांच्या माहितीवर ठरते. कोणत्या ओढ्याशी माग दिसतो, कोणती वाट मोडली, हे त्या रानात वावरणाऱ्यांना, इथल्या कुणब्यांना, गवळी-धनगरांना माहीत असते. घरातही मांजराच्या वाटा कुणाला तरी माहीत असतातच. कोणत्या वेळी ते पडवीतून आत येते, दूध तापल्याचा वास आल्यावर कुठून झेपावते, पाऊस लागला की कुठे दडते. हे ज्ञान बहुधा स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईकडे असते, आणि फोन असतो पाहुण्यांच्या हातात. तटस्थपणे थांबायचे ते मायेला फाटा देऊन नव्हे, ही माहिती विचारून. काळ्या मांजराचे उदाहरण घ्या. काळीच्या जंगलाची ख्याती काळ्या बिबट्यासाठी, आणि तो नुसता काळा नसतो. मलय द्वीपकल्पात जिथे बहुतेक बिबटे काळेच, तिथे संशोधकांनी कॅमेऱ्यांना दिवसाही इन्फ्रारेड प्रकाश वापरायला लावला तेव्हा काळ्या केसांतली ठिपक्यांची फुले उमटून आली. घरातल्या काळ्या बोक्याचा फोटो फोन स्वतःच्या अकलेने काढतो तेव्हा तो त्याला राखाडी करून टाकतो, कारण काळोख दिसला की तो उजेड वाढवतो. उजेड बोटाने थोडा उतरवावा आणि तिरप्या उन्हाची वाट पाहावी. पुष्कळ काळ्या मांजरांच्या अंगावर तेव्हा तपकिरी झाक आणि पुसट पट्टे दिसतात, थेट भाच्यासारखे. ते ऊन त्या घरात किती वाजता आणि कोणत्या फटीतून येते, हे फोनला माहीत नसते.

एवढी सगळी तयारी सुट्टीच्या चार दिवसांत व्हायची कशी, हा शेवटचा आणि सर्वांत रास्त आक्षेप. चार दिवसांत ती अर्धीमुर्धीच होते. विसर्जन होते, मंडळी मडगावच्या, बेळगावच्या, हुबळीच्या गाड्यांत बसतात, फटाक्यांचा वास विरतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मांजर माळ्यावरून उतरते, घरभर हुंगून येते आणि वैलाशी आपल्या जागी बसते. त्या घरातही एक फोन मागे राहिलेला असतो. खिडकीशी, रेंज येते त्या खिळ्याला, प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेला, चुलीपासून दहा-बारा पावलांवर.